डाव्या खुर्चीवरचा पाहुणा

ऊस तुटायला लागला की आमच्या कोल्हारच्या हवेची चव बदलते. सकाळी दार उघडलं की आधी थंडी आत शिरते आणि तिच्या मागोमाग साखर कारखान्याच्या मळीचा आंबूस-गोड वास. बाहेरगावचा माणूस नाकाला रुमाल लावतो. आम्हाला मात्र तो वास आल्याशिवाय वर्ष पुढे सरकल्यासारखं वाटत नाही. मनमाड रस्त्यावरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जायला लागतात, प्रवरेच्या पुलावर उसाची कांडकी पडलेली दिसतात, आणि आमच्या घरामागच्या शेताच्या कडेला पाथर्डीकडून आलेल्या तोडणीवाल्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बांबू आणि पाचटाच्या त्या झोपड्या चार महिने असतात, मग एक दिवस जागा मोकळी होते.

यंदाही हंगाम वेळेवर सुरू झाला. वास आला आणि मला तीन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवला. आठवला म्हणणं तसं खरं नाही, कारण तो माझ्या घरातून गेलेलाच नाही. त्या हंगामाच्या सुरुवातीला या घरात तीन माणसं होती: मी, माझी बायको लीला आणि आमची एकुलती मुलगी शलोमी. मध्ये एक पाहुणा येऊन गेला. कारखान्याचे बॉयलर थंड झाले तेव्हा आम्ही बापलेक दोघंच उरलो होतो.

मी भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर मुलांना वारे, प्रवाह, अक्षांश-रेखांश शिकवले आणि स्वतः फारतर नागपूरपर्यंत गेलो. शाळेनं जुना म्हणून काढून टाकलेला जगाचा नकाशा मी निवृत्तीच्या दिवशी मागून आणला. तो आजही बाहेरच्या खोलीत लटकतो आहे. शलोमी त्या नकाशाखालीच अभ्यास करायची. बारावीनंतर तिनं विमान चालवायचं शिकायचं ठरवलं, तेव्हा गावात आणि आमच्या चर्चमध्ये बरेच दिवस दुसरा विषय नव्हता. ‘साळवे सरांची पोरगी इमान चालवनार म्हनं!’ असं लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे, जणू मला ते माहीत नसावं.

ती शिकली. परवाना घेऊन घरी आली. लीला शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या पोरांचे शाळेचे गणवेश तिच्या मशीनवर झालेले. तिनं त्याच आठवड्यात पांढरा शर्ट शिवला, खांद्यावरच्या पट्ट्यांसाठी बंद लावले, काजं केली, इस्त्री केली आणि कपाटात टांगला. त्या कपाटात तो शर्ट तीन हंगाम टांगलेला राहिला.

वाट बघणं म्हणजे काय ते मला त्या तीन वर्षांत कळलं. शलोमी अर्ज करायची, परीक्षा द्यायची, मुलाखतीला जायची आणि परत यायची. मधल्या काळात ती जवळच्याच बेलापूर गावात एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला जाऊ लागली. सकाळी स्कूटी काढायची, दुपारी खडूनं पांढरी झालेली बोटं घेऊन परत यायची. वरून विमान गेलं तर ती मान वर करायची नाही. लीला करायची, मी करायचो, आणि मग आम्ही दोघं तिच्याकडे बघायचो.

अशात एक दिवस पेपरात बातमी आली. आपल्या विमान कंपन्यांना वैमानिक कमी पडताहेत, म्हणून त्या परदेशातून वैमानिक आणणार आहेत. मी ती बातमी दोनदा वाचली. चहा तसाच राहिला. माझी मुलगी परवाना घेऊन बेलापूरला खडू झिजवते आहे आणि हे म्हणतात माणसं कमी! मी त्याच दुपारी बसून संपादकांना पत्र लिहिलं. ‘आपल्या मुली घरात आणि परके विमानात’ असं त्याचं शेवटचं वाक्य होतं. पत्र छापून आलं. चार लोकांनी फोन केले. मी ते कात्रण कापून मोठ्या बायबलात ठेवलं.

शलोमीनं संध्याकाळी ते वाचलं. ‘पप्पा, चांगलं लिहिलंय,’ ती म्हणाली. ‘पण चुकीचं आहे.’

‘काय चुकलं?’

‘विमानात पुढं दोन खुर्च्या असतात. डावीकडं कॅप्टन बसतो, उजवीकडं माझ्यासारखी. उजव्या खुर्चीसाठी आम्ही रांगेत उभे आहोत. कमी पडलेत ते डाव्या खुर्चीवाले. आणि कॅप्टन काही कॉलेजातून पास होऊन बाहेर पडत नाही. उजवीकडं वर्षानुवर्षं बसून तो तयार होतो. विमानं भराभर विकत आणता येतात, अनुभवी माणूस कुठून आणणार? डावी खुर्ची रिकामी असेल तर मला उजवीकडं बसवून उपयोग काय?’

‘म्हणजे ज्यांच्यामुळं तू घरी बसलीयेस असं मी लिहिलं...’

‘त्यांच्यामुळंच मी घराबाहेर पडणार आहे,’ ती म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

माझा विश्वास बसला नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात तिला बोलावणं आलं. कपाटातला शर्ट निघाला. तो खांद्यात थोडा घट्ट झाला होता. लीलानं एका दुपारी उसवून परत शिवला. काही महिन्यांचं शिकणं झाल्यावर शलोमीचा फोन आला. आवाज हसरा होता. ‘पप्पा, माझ्या डाव्या बाजूला कोण बसतं, माहितीये? तुमचे ते परके.’

लीलाची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं ते त्याच पावसाळ्यात. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, आम्ही डायलिसिससाठी नगरला जायचो. चार तास ती त्या यंत्राला जोडलेली असायची आणि मी बाकावर बसून भिंतीकडे बघायचो. परतताना ती थकून माझ्या खांद्यावर डोकं टेकायची. असंच एकदा राहुरीच्या पुढं आल्यावर ती डोळे न उघडता म्हणाली, ‘अहो, शालू चालवतेय त्या विमानात मला एकदा बसायचंय. कुठं जायचं नाही. नुसतं बसायचं.’ एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं माझ्याजवळ दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही. मशीनला मोटर बसवून घ्या असंही ती कधी म्हणाली नव्हती.

हंगाम सुरू झाला आणि शलोमीच्या विमानाच्या फेऱ्या आमच्याच जिल्ह्यात, शिर्डीजवळच्या काकडीच्या माळावरच्या विमानतळावर लागल्या. दोन पंख्यांचं, साठ-सत्तर माणसांचं विमान. हैदराबादहून यायचं, मुक्काम करायचं, सकाळी परत जायचं. नाताळच्या दिवशी तिला सुट्टी होती, तिच्या कॅप्टनलाही. ‘आई, त्यांना घेऊन येऊ का? हॉटेलात एकटेच बसतील,’ तिनं विचारलं. लीला म्हणाली, ‘हे काय विचारणं झालं?’

कॅप्टनचं नाव मिलोश. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, केस पूर्ण पांढरे. गाडीतून उतरला तेव्हा हातात शिर्डीतून घेतलेली पेढ्यांची पुडी. परक्या मुलखात कोणाकडं काय न्यायचं हे कळेना म्हणून त्यानं दुकानात सगळे घेत होते ते घेतलं होतं. लीलाच्या जिभेला त्याचं नाव वळेना. दहा मिनिटांत तिनं त्याचा ‘मिलिंद’ केला आणि तोही त्या नावाला ओ देऊ लागला.

आम्ही त्याला चर्चमध्ये नेलं. पेटी-तबल्यावर नाताळची भजनं चालली होती, पोरं झांजा वाजवत होती, बाया नव्या साड्यांत. तो मागच्या भिंतीशी उभा राहून शेवटपर्यंत ऐकत राहिला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘आमचा नाताळ अजून तेरा दिवसांनी आहे. आमचं पंचांग वेगळं.’ मी लीलाला सांगितलं. ती म्हणाली, ‘मग तेरा दिवसांनी परत ये म्हणावं. करंज्या ठेवते झाकून.’ पण त्या दिवशी त्याची ड्युटी होती.

जेवण झाल्यावर मी त्याला नकाशापुढं उभं केलं. मास्तराची खोड. म्हटलं, तुमचा देश दाखवा. त्यानं चष्मा लावला, बोट फिरवलं, एका जागी थांबला आणि हसला. ‘हा नकाशा जुना आहे,’ तो म्हणाला. ‘यात माझा देश नाही. आम्ही तेव्हा एका मोठ्या देशाचा तुकडा होतो. माझे वडील मात्र अजून याच नकाशात राहतात. गावाचं नाव विचारलं तर जुन्याच देशाचं नाव सांगतात.’

मग तो वडिलांविषयी बोलत राहिला. डोंगरातल्या एका लहान स्टेशनावर ते रेल्वेचे सांधे बदलायचे. आता नव्वदीला आलेले, एकटे राहणारे. मिलोश ज्या कंपनीत कॅप्टन झाला ती बंद पडली. या वयात तिकडं दुसरीकडं शिरकाव होईना, म्हणून तो एका एजन्सीमार्फत देशोदेशी करारावर जाऊ लागला. सहा आठवडे काम, दोन आठवडे घर. रोजचं शेवटचं विमान उतरवलं की तो वडिलांना फोन करून एकच शब्द सांगायचा: उतरलो. तो ऐकल्याशिवाय म्हातारा दिवा मालवत नसे. ‘त्यांचं आयुष्य गाड्या नीट गेल्या की नाही हे बघण्यात गेलं,’ मिलोश म्हणाला. ‘आता मीच एक गाडी उरलोय.’

ऊन उतरल्यावर आम्ही घरामागं फिरायला गेलो. तोडणी चालली होती. सुंदराबाई नावाची एक बाई दर हंगामाला आमच्याकडच्या टोळीत यायची. ती मोळी बांधता बांधता थांबली, कमरेवर हात ठेवून मिलोशकडं बघत राहिली.

‘शालूताई, ह्यो पाव्हना कुन्या मुलखातला?’

‘माझा कॅप्टन आहे, मावशी. विमान चालवतो. आपल्याकडं चालवणारी माणसं कमी पडली म्हणून लांबून आलाय.’

‘म्हंजी आमच्यावानीच की,’ सुंदराबाई म्हणाली. ‘हितं तोडाया मानूस न्हाई म्हून आमी आलो. मंग ह्याचा मुकादम कोन हाय?’

मुकादम म्हणजे गावोगावची माणसं गोळा करून टोळी घेऊन येणारा. शलोमीनं हसत हसत समजावून सांगितलं. मिलोशही हसला. ‘आहे ना. एका तिसऱ्याच देशात बसतो. मी त्याला अजून पाहिलेलंसुद्धा नाही.’

‘आमचा निदान दिसतो तरी,’ सुंदराबाई म्हणाली. मग तिनं विचारलं, ‘घरी कोन हाय त्याच्या?’

‘म्हातारे वडील. एकटेच.’

सुंदराबाईनं मोळीवर गुडघा दाबून गाठ आवळली. ‘माजीबी आय हाय गावाकडं. लई थकली. अवेळी फोन वाजला का काळजात धस्स हुतं बगा.’

शलोमीनं ते सांगितलं तेव्हा मिलोश हसायचा थांबला. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि सुंदराबाईकडं बघून मान हलवली. तिनंही हलवली. भाषांतर करायला शलोमीला काही उरलं नाही.

तो माणूस मला आवडला होता हे मी नाकारत नाही. पण बायबलातलं ते कात्रणही मी काढून टाकलं नव्हतं. माणूस आवडणं आणि मनातला राग जाणं या दोन गोष्टी एकाच दिवशी होत नसाव्यात. माझ्या मुलीची तीन वर्षं गेली होती. त्याबद्दल रागवायला मला कोणीतरी हवं होतं.

डॉक्टरांनी लीलाला प्रवासाची परवानगी दिली ती जानेवारीत. गुरुवारी डायलिसिस झालं की शुक्रवारी सकाळी जायचं, हैदराबादला शलोमीच्या मैत्रिणीकडं मुक्काम करायचा, शनिवारी परत, सोमवारी पुन्हा नगर. त्या शुक्रवारी शलोमी आणि मिलोश यांचीच जोडी होती. तिकिटं काढली. लीलानं गुरुवारीच जांभळी साडी काढून ठेवली, धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली. मी म्हटलं, दीड तासाचा प्रवास, डबा कशाला? ती म्हणाली, ‘शालू खाईल. तो मिलिंद खाईल.’

शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही निघालो. धुकं नव्हतं. लोणी मागं पडलं, राहात्याजवळ रस्त्याकडेला पेरूवाल्या टोपल्या लावत होत्या. लीला खिडकीतून बघत होती. ‘वर गेल्यावर आपलं घर दिसेल का हो?’ तिनं विचारलं. ‘आधी प्रवरा शोध,’ मी म्हणालो, ‘नदी सापडली की घर सापडेल.’ विमानतळावर तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बोर्डिंग पासचा कागद तिनं पर्समध्ये टाकला नाही. दोन्ही हातांत धरून बसली. काचेपलीकडं विमान उभं होतं. ती त्याच्याकडं, आपली मुलगी शाळेच्या कार्यक्रमात स्टेजवर यायची वाट बघावी, तशी बघत होती.

मग घोषणा झाली. वैमानिक उपलब्ध नसल्यानं आजचं उड्डाण रद्द.

सगळे एकदम उठले. कोणाचं लग्न होतं, कोणाची परीक्षा, कोणाचं पुढचं विमान. काउंटरवरच्या मुलीला लोकांनी घेरलं. एक गृहस्थ तावातावानं ओरडत होते, ‘परदेशातून आणलेत म्हणे वैमानिक! आपली पोरं घरी बसवायची अन् हे परके आणायचे, आणि ते असे वेळेवर गायब!’ माझ्या मनातलंच ते बोलत होते. जवळजवळ माझ्याच पत्रातले शब्द होते.

गर्दीतून शलोमी आली. गणवेशात होती. आमच्याकडं येऊन ती आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. ‘आई, आपलं विमान नाही जाणार,’ ती म्हणाली. ‘मिलोशचे वडील गेले. पहाटे फोन आला त्यांना. त्यांनी कंपनीला कळवलं की मी आज उडवण्याच्या स्थितीत नाही. दुसरा कॅप्टन नाहीये. कुठूनच मिळत नाहीये.’

तेव्हा मी जे बोललो ते लिहायला हात धजत नाही, पण लिहिलं पाहिजे. मी म्हणालो, ‘दीड तासाचं तर काम होतं. वडील काय आता परत येणारेत? संध्याकाळी रडला असता.’

शलोमीनं माझ्याकडं पाहिलं. लहानपणी मी विनाकारण मारलं तर ती असं बघायची.

‘अहो, गप्प बसा,’ लीला म्हणाली. इतक्या वर्षांत तिनं मला चारचौघांत असं कधी सुनावलं नव्हतं. मग तिनं शलोमीला विचारलं, ‘कुठं आहे तो?’

तो बाहेर होता. त्या उघड्या माळावर गाड्या लावतात तिथं एक कडुलिंब आहे; त्याखाली वैमानिकांची गाडी उभी होती आणि तो मागच्या सीटवर, टोपी मांडीवर ठेवून बसला होता. पुढच्या प्रवासाची काही सोय होते का, याची वाट बघत होता. लीला शलोमीच्या हाताला धरून तिथवर चालत गेली. तेवढ्या अंतरात ती दोनदा थांबली. मी डबा घेऊन मागं. तिनं गाडीचं दार उघडलं आणि त्याच्या शेजारी जाऊन बसली.

त्याला आमच्या प्रवासाचं ठाऊक होतं. लीलाला बघताच तो इंग्रजीत भरभर बोलायला लागला. शलोमी दाराशी उभी राहून सांगत होती. ‘ते म्हणताहेत, मला क्षमा करा. मी प्रयत्न केला. खोलीत बसून निघण्यापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी मनात म्हणून बघितली. दोनदा म्हटली, दोन्ही वेळा एकाच ओळीवर थांबलो. पुढची ओळ आठवेना. हजारो वेळा म्हटलेली यादी आहे ती. आणि तुम्ही मागं बसणार होतात.’

लीलानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्या हातावर हात ठेवला. तिच्या त्या हाताला डायलिसिसच्या सुयांनी गाठी आल्या होत्या. ‘त्याला सांग शालू,’ ती म्हणाली, ‘तू बरोबर केलंस. आणि सकाळपासून काही खाल्लं नसशील. बाप गेला म्हणून पोटच्या पोरानं उपाशी राहायचं नसतं.’ तिनं डबा उघडला, धपाट्याचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि त्याच्या हातात दिला. तो पांढऱ्या केसांचा माणूस खाली मान घालून ते खात राहिला आणि रडत राहिला. तो घास संपला की लीला दुसरा तुकडा द्यायची. मी झाडाखाली उभा होतो. पुढं गेलो नाही.

परतताना गाडीत लीलाच म्हणाली, ‘एवढं तोंड पाडू नका. त्यानं काही न सांगता चालवलं असतं तर आपल्याला कळलंसुद्धा नसतं. आपण खिडकीतून घर शोधत बसलो असतो.’ आणि थोड्या वेळानं, ‘नेईल शालू पुन्हा कधीतरी.’

पुन्हा ते जमलं नाही. पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला, मग दम लागू लागला. नगरच्या फेऱ्या दोनाच्या तीन झाल्या. फाल्गुनात, कारखान्याचा पट्टा पडायला, म्हणजे गाळप संपायला, थोडेच दिवस राहिलेले असताना, एका दुपारी ती गेली. शलोमी घरीच होती. तीन दिवस आधी तिनं कंपनीला कळवलं होतं की आई बरी नाही, माझं मन जाग्यावर नाही, मी उडवू शकत नाही. हे कसं सांगायचं ते ती कोणाकडून शिकली, हे मला विचारावं लागलं नाही.

तरी सांगतो, माझा राग लगेच गेला नाही. कित्येक महिने मी मनात ते दीड तास उगाळत होतो. तो तेवढा वेळ सावरला असता तर लीलानं एकदा वरून प्रवरा पाहिली असती. लीलानं जे एका क्षणात केलं ते मला समजायला फार वेळ लागला.

एप्रिलमध्ये मिलोश आला. आम्ही त्याला कबरस्तानात नेलं. ऊन कडक होतं, मातीचा उंचवटा अजून बसला नव्हता. तो टोपी काढून उभा राहिला. स्वतःच्या वडिलांविषयी म्हणाला, ‘मी पोचलो तेव्हा त्यांच्या मातीवर बर्फ पडलेला होता. दोन दिवस उशीर झाला.’ मग म्हणाला, ‘मी त्या दिवशी बरोबर वागलो, हे मला माहीत आहे. पण त्यानं वाईट वाटायचं थांबत नाही.’

घरी आल्यावर मी बायबलातून ते कात्रण काढलं आणि शलोमीला म्हटलं, हे यांना वाचून दाखव. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. तिनं एकेक वाक्य इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य ऐकून मिलोशनं मान डोलावली. ‘ठीकच लिहिलंय,’ तो म्हणाला. ‘आमच्या गावचे लोकही असंच लिहितात. तिकडं आता दुसऱ्या देशातले येऊन चालवतात. आमची मुलं आणखी तिसरीकडं.’ मी त्याला म्हणालो, ‘त्या दिवशी विमानतळावर मी फार वाईट बोललो.’ त्याला ते माहीत नव्हतं. मला सांगायची गरज नव्हती, पण मी सांगितलं. काय बोललो तेही सांगितलं. त्यानं ते ऐकलं, उठला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. चहा झाला. त्याचा करार वर्षभरात संपला आणि तो गेला. त्याच्या नाताळला, आमच्यानंतर तेरा दिवसांनी, त्याचा निरोप येतो.

कधीकधी वर्गात शिकवल्यासारखं मनाशी बोलत बसतो. कुठला प्रवाह कुठून कुठं जातो ते मी पोरांना बाण काढून शिकवलं. माणसांचे बाण मी कधी काढले नाहीत. पाथर्डीहून कोल्हारला, त्या डोंगराळ देशातून काकडीच्या माळावर, सगळीकडं कुणीतरी कुणाच्या तरी रिकाम्या जागेवर येऊन बसलेलं आहे, आणि त्याच्या मागं त्याच्याच घरात एक जागा रिकामी पडलेली आहे. यातलं कोण परकं आणि कोण आपलं, हे सांगायला माझा भूगोल पुरा पडत नाही.

आणि आता शलोमी चालली आहे. आखाती देशातल्या एका कंपनीला वैमानिक कमी पडलेत. तिचे उड्डाणाचे तास भरलेत, तिथं तिला लवकर डावी खुर्ची मिळेल. पुढच्या आठवड्यात जाणार. तिथल्याही कुठल्यातरी गावात परवाना घेऊन बसलेली एखादी मुलगी असेल आणि तिचा बाप संपादकांना पत्र लिहीत असेल. शलोमीला मी म्हटलं तसं. ती म्हणाली, ‘लिहू दे पप्पा. मी तिच्या शेजारी बसून तिला शिकवीन.’

काल दुपारी ती ओसरीवर बसून कागदपत्रं लावत होती. घरामागून कोयत्यांचा आवाज येत होता. मी खूप दिवस मनात धरून ठेवलेलं बोललो.

‘शालू, मी आता सत्तरीला आलो. तू तिकडं असताना माझ्याबद्दल एखाद्या पहाटे फोन येईल. मध्येच बोलू नको, ऐक. हवेत असशील तर विमान उतरेपर्यंत कुणी तुला कळवणार नाही, ते बरंच. पण निघायच्या तयारीत असशील तर त्या दिवशी चालवायचं नाही. दीड तासाचं असलं तरी नाही. कुणाची आजारी आई खिडकीशी बसलेली असली, तिला पुन्हा कधी बसता येणार नसलं, तरी नाही.’

तिनं हातातले कागद एकावर एक नीट लावले. मग म्हणाली, ‘आणि त्या आईचा नवरा माझ्यावर ओरडला तर?’

‘ओरडू दे,’ मी म्हणालो. ‘त्याला उलट काही बोलू नकोस. जमलं तर त्याच्या बायकोजवळ जाऊन थोडा वेळ बस.’